परिवीक्षा, उपचार आणि गोपनीयतेचा प्रश्न

रुग्णाने सांगितलेली गोष्ट तपासणीच्या खोलीबाहेर जाऊ द्यावयाची नाही, हा आपल्या व्यवसायाचा जुना दंडक. या दंडकाला जाणीवपूर्वक मुरड घालणारी एक पद्धती अमेरिकेत सुमारे तीस वर्षे प्रचलित आहे. लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या, परंतु तुरुंगाबाहेर समाजात राहणाऱ्या व्यक्तींवर परिवीक्षा (प्रोबेशन) खाते जी देखरेख ठेवते, तिची ही पद्धती होय. मानसोपचार तिच्या केंद्रस्थानी असल्यामुळे आपण तिचा परिचय करून घेणे अगत्याचे वाटते.

बॉस्टन येथील जॉन ऑगस्टस या पादत्राणे बनविणाऱ्या गृहस्थाने १८४१ साली एका मद्यपीची हमी घेऊन त्याला न्यायालयातून सोडवून आणले आणि तीन आठवड्यांनी सुधारलेल्या स्थितीत पुन्हा हजर केले. परिवीक्षेचा उगम येथे मानतात. भेट, चौकशी व सल्ला हे तिचे स्वरूप दीर्घकाळ टिकले. लैंगिक गुन्हेगाराच्या बाबतीत मात्र ते अपुरे पडते. तो पुष्कळदा वेळेवर भेटीस येतो, नोकरी टिकवतो, नम्रपणे बोलतो. वरवरचा हा व्यवस्थितपणा सुधारणेचे लक्षण मानल्यास अधिकारी फसतो.

कोलोरॅडो राज्यातील किम इंग्लिश व सहकाऱ्यांनी देशभरातील परिवीक्षा व पॅरोल कार्यालयांची पाहणी करून १९९६ मध्ये ‘कंटेनमेंट’ पद्धती मांडली. तिचे तीन कोन आहेत : परिवीक्षा अधिकारी, उपचारक आणि पॉलिग्राफ परीक्षक. अधिकारी अटी घालतो. अल्पवयीनांशी संपर्क नको, मद्य नको, संगणकाची तपासणी होईल, घरी केव्हाही भेट दिली जाईल, अशा त्या अटी असतात. उपचारक गटोपचारातून गुन्ह्यापूर्वीची साखळी उलगडतो : सबब कशी रचली, कुटुंबाचा विश्वास कसा संपादिला, मुलाला एकटे कसे गाठले. तिघांमध्ये माहितीची देवाणघेवाण होते, हेच या पद्धतीचे मर्म. समजा, घरभेटीत अधिकाऱ्याला एक छोटी सायकल दिसली. गटात तो नुसते सांगतो की नवी ओळख झाली आहे. सुटी सुटी पाहिल्यास दोन्ही माहिती निरुपद्रवी वाटते. एकत्र ठेवली की धोक्याची सूचना मिळते.

यासाठी उपचारापूर्वीच त्याच्याकडून लेखी संमती घेतात की, येथे बोललेले अधिकाऱ्याला कळविले जाईल. संमती नाकारल्यास उपचार नाहीत, आणि उपचार नाहीत म्हणजे अटीचा भंग. मागे तुरुंगाचे दार उघडे असताना दिलेल्या या संमतीला संमती म्हणावे काय? प्रस्तुत लेखकाला ही अडचण खरी वाटते. तथापि या गुन्ह्यात बळी बहुधा घरचा वा ओळखीचा असतो आणि गुप्तता हेच गुन्ह्याचे साधन असते. तेच साधन उपचारकाने पुन्हा त्याच्या हाती देणे उचित नव्हे. अट एवढीच की, मर्यादा आरंभीच, रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगितलेली असावी.

पॉलिग्राफविषयी आपण अधिक सावध राहिले पाहिजे. श्वसन, घाम व रक्तदाब यांतील बदल क्षोभ दाखवितात, असत्य नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ च्या अहवालात या यंत्राचा शास्त्रीय पाया दुर्बल ठरविला. तरीही ते टिकले, कारण चाचणीच्या धास्तीने माणूस आधीच पुष्कळ सांगून टाकतो. इंग्लंडमध्ये २०१४ पासून सुटकेनंतरच्या गंभीर लैंगिक गुन्हेगारांना ही चाचणी लागू झाली. नुसत्या नापास होण्याने तुरुंगात परत धाडत नाहीत. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या २०१० च्या निवाड्यात सक्तीची पॉलिग्राफ चाचणी घटनाबाह्य ठरविली आहे.

उपचारांचीही परीक्षा झाली पाहिजे. इंग्लंड-वेल्समधील तुरुंगांत वर्षानुवर्षे चाललेल्या मुख्य उपचार कार्यक्रमाचे मूल्यमापन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तो घेतलेल्यांपैकी १० टक्के, तर न घेतलेल्या तुल्य गटातील ८ टक्के व्यक्तींनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला होता. कार्यक्रम मागे घेण्यात आला. हानिकारक औषध बाजारातून काढून घेण्यासारखेच हे घडले. क्षोभलेल्या लोकमताने केलेले नियम मात्र इतक्या सहजी मागे घेतले जात नाहीत. मायामी परिसरात शाळेपासून अडीच हजार फुटांच्या आत राहण्यास मनाई झाल्यावर कित्येक गुन्हेगार २०१० पर्यंत समुद्रावरील पुलाखाली राहत होते. ज्याला घरच नाही, त्याच्या घरी भेट कशी द्यावी? मिनेसोटा राज्याच्या २००७ च्या पाहणीत, सुटकेनंतर पुन्हा लैंगिक गुन्हा करून तुरुंगात आलेल्या २२४ जणांपैकी एकाचाही गुन्हा असल्या निर्बंधाने टळला नसता, असे दिसून आले. याउलट कॅनडातील हॅमिल्टन येथे १९९४ मध्ये काही स्वयंसेवकांनी एका सुटलेल्या गुन्हेगाराभोवती मित्रमंडळ उभे केले. ते त्याला आधार देत आणि जाबही विचारीत. ही प्रथा पुढे ब्रिटनमध्येही रुजली.

आपल्या देशात १९५८ च्या परिवीक्षा कायद्यातील चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची तरतूद जन्मठेपेस पात्र गुन्ह्यांना लागू नाही; म्हणून बलात्काराचा दोषी त्या मार्गाने सुटत नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ मध्ये सुरू झाली. ती पोलिसांपुरती आहे. शिक्षा पुरी करून परतलेल्याच्या घरी केव्हाही जाऊन धडकणारा अधिकारी मात्र सहसा नसतो. आपल्यावर आजही जे बंधन आहे ते ‘पोक्सो’ कायद्याच्या कलम १९ चे : बालकावर अत्याचार झाल्याचे वा होण्याची शक्यता असल्याचे कळले, तर पोलिसांना कळविलेच पाहिजे. तेथे गोपनीयतेची सबब चालत नाही, आणि ही मर्यादा आपण आपल्या रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगतो की नाही, हे ज्याने त्याने पाहावयाचे आहे.