विचारायचं ते पेशंटलाच

मी शिकाऊ असताना सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयात माझी पोस्टिंग होती. अक्कलकोटकडच्या एका खेड्यातून विशीतली एक बाई आली. ओट्यावरून पाय घसरून पडली होती, कंबर धरली होती. डॉक्टरांनी कमरेच्या मणक्याचा एक्स-रे लिहून दिलेला. तिला मराठी फारसं समजत नव्हतं, सोबतच्या सासूबाईंना समजत होतं. टेक्निशियनने दारातूनच, रांगेतल्या लोकांसमोर सासूबाईंना विचारलं, "हिला दिवस गेलेत का?" त्या म्हणाल्या, "नाही." एक्स-रे काढला गेला.

पुढच्या महिन्यात ती नवऱ्याबरोबर परत आली. एक्स-रेच्या वेळीच तिला दिवस गेले होते. बाळ अपंग होणार, पाडून टाका, असं गावात कुणीतरी सांगितलं होतं आणि घरात ते जवळजवळ ठरलंही होतं. रेडिओलॉजिस्ट मॅडमनी दोघांना बसवून कन्नडमधून समजावलं. अशा एक्स-रेत गर्भाला साधारण काही मिलिग्रे एवढाच डोस मिळतो. 100 मिलिग्रेच्या आत केवळ किरणांच्या भीतीने गर्भपात करायचं कारण नाही, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. ऐकताना त्या मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिच्या घरावरची ती टांगती तलवार टाळता आली असती, म्हणून आज विद्यार्थ्यांना हे सांगते.

त्या दिवशी प्रश्न विचारला गेला होता, रजिस्टरमध्ये 'नाही' अशी नोंदही होती. पण ज्या बाईचं शरीर, तिला कुणी विचारलंच नाही. पेशंटला एकटीला आत घ्या, दार लावा, महिला कर्मचाऱ्याला सोबत थांबवा. 'दिवस गेलेत का' असं विचारू नका, तिला स्वतःलाही ते ठाऊक नसेल. शेवटच्या पाळीची तारीख विचारा. पुढच्या पाळीची तारीख उलटून गेली असेल किंवा उत्तर अडखळत आलं, तर थांबा आणि रेडिओलॉजिस्टना सांगा. तपासणी पुढे ढकलायची, सोनोग्राफीवर भागवायचं की जिवाचा प्रश्न म्हणून लगेच करायची, हे ते ठरवतील. तिचं उत्तर तारखेसकट लिहून सही घ्या.

सोलापुरात हे तीन भाषांत करावं लागतं. सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत विजयपूर, कलबुर्गीकडचे कन्नड बोलणारे असतात, पूर्व भागातले तेलुगू विणकर आणि विडी वळणाऱ्या बायका असतात. 'श्वास रोखून धरा' हे कन्नडमध्ये 'उसिरु हिडीरी', तेलुगूत 'ऊपिरि बिगपट्टंडि'. अशी चार वाक्यं पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. न समजल्यामुळे पेशंट हलला की फिल्म धूसर येते, पुन्हा काढावी लागते आणि किरणं दुप्पट.

त्याच रांगेत खोकणारे पेशंट असतात. छातीचा एक्स-रे लिहून आलेल्यांपैकी काहींना टीबी असतो, आणि शेजारी कडेवर मूल घेतलेली आई बसलेली असते. खोकणाऱ्याला आधी मास्क द्या, त्याचा नंबर पुढे घ्या, खिडक्या उघडा. तुम्ही एन-95 लावा. छातीच्या स्टँडवर जिथे हनुवटी टेकते ती जागा प्रत्येक पेशंटनंतर पुसा. पेशंटला हात लावलेल्या ग्लोव्हजनी कन्सोलला शिवू नका. मला सर्वांत जास्त वेळा टोकावं लागतं ते यासाठीच.

कंट्रास्टची सुई टोपण न लावता थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकायची. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत तिची जागा ठरलेली आहे. सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, ताबडतोब कळवा. एचआयव्ही रोखणारं औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं, 72 तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. पेशंटची एचआयव्हीची माहिती मात्र त्याच्या संमतीशिवाय बाहेर सांगणं 2017 च्या कायद्याने मना आहे.

मेडिको-लीगल केसची (एमएलसी) फिल्म कोर्टात पुरावा ठरू शकते. डावी-उजवीचा मार्कर एक्सपोजरच्या वेळीच ठेवा, नंतर फिल्मवर चिकटवू नका. सोनोग्राफीच्या खोलीत नातेवाईक शिकाऊ मुलांनाच गाठतात, "मुलगा की मुलगी, नुसतं खुणेने सांगा." खुणेने सांगणंही गुन्हाच. 1994 च्या कायद्यात पहिल्याच वेळेला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. महाराष्ट्राने तर 1988 मध्येच याबाबत स्वतःचा कायदा केला होता. एमआरआयच्या दारात तर कुणाचीही भीड धरू नका. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर आत नेणारा पेशंटचा नातेवाईक मशीनकडे ओढला जाऊन दगावला. तपासणी चालू नसली तरी चुंबक चालूच असतो.

आणखी एक, आणि यावर मी रागाने बोलते. रडणारं मूल धरायला शिकाऊ पोरालाच उभं करतात, दिवसातून कितीदा तरी. हे रोजचं काम कुणाचंच नव्हे. मुलाला धरण्याचं साधन वापरा. ते नसेल तर नातेवाइकाला लेड अॅप्रन देऊन उभं करा, पण ती बाई असेल तर गरोदर नाही ना, हे तिला बाजूला घेऊन आधी विचारा. किरणांचा डोस मोजणारा तुमचा टीएलडी बॅज अॅप्रनच्या आत छातीवर असू द्या. ड्यूटी संपल्यावर तो एक्स-रे रूममध्ये टांगून जाऊ नका, नाहीतर खोलीतला डोस तुमच्या नावावर लागेल.