पुन्हा सागरतीरी

मे महिन्याची सुटी लागली. टेंभुर्णीचा माळ उन्हाने तापू लागला. आजोबांनी मालवणला जाण्याचा बेत सांगताच घरातील सर्वांना आनंद झाला. सातवीतला नातू मात्र हिरमुसला. तो म्हणाला, "आजोबा, मालवण आपण तीन वर्षांपूर्वीच पाहिले. तोच समुद्र, तोच किल्ला! पुन्हा काय पाहायचे?" आजोबा नुसते हसले.

पहाटे मंडळी निघाली. पंढरपूर व कोल्हापूर मागे पडले. गगनबावड्याहून करूळचा घाट उतरताच हवा दमट झाली आणि सायंकाळी समुद्राची गाज कानी आली.

दुसऱ्या दिवशी सर्वजण होडीने सिंधुदुर्गास गेले. शिवछत्रपतींनी १६६४ साली कुरटे बेटावर या जलदुर्गाचे बांधकाम आरंभिले. मागील खेपेस नातू तटावर धावण्यातच दंग होता. या वेळी आजोबांनी त्याला दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरी दाखविल्या. चोहोकडे खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी! पाण्याचे मोल जाणणाऱ्या सोलापूर जिल्ह्यातील तो मुलगा काठावरून बराच वेळ वाकून पाहत राहिला.

तिसऱ्या दिवशी आजोबांनी त्याला झुंजुमुंजू होताच उठविले. किनाऱ्यावर रापण चालली होती. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे टाकले होते आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर रापणकर एका तालात ओढीत होते. नातवानेही दोराला हात लावला. तळहात लाल झाले. जाळे वाळूवर आले. पण त्यात मासळी थोडीच होती. मग तिचे वाटे पडले. एक वृद्ध रापणकर म्हणाला, की पूर्वीसारखी मासळी आता किनाऱ्याला येत नाही. रापणीही कमी होत चालल्या आहेत.

परतताना आजोबा सावकाश बोलू लागले, "बाळ, आपले जुने गाव करमाळा तालुक्यात भीमेच्या काठी होते. तेथल्या वाळूत मी रोज खेळलो. पण तिच्याकडे नीट पाहिले कधीच नाही. नदी कोठे जाणार आहे, असे वाटे. उजनीचे धरण झाले, पाणी अडले आणि इतर अनेक गावांबरोबर आपलेही गाव बुडाले. धरणाच्या पाण्याने पुढे हजारो शेते भिजली, हे खरे. पण आमच्या घराच्या दाराचा रंग कोणता होता, हे आज मला आठवत नाही. म्हणून जे पुन्हा पाहता येते, ते पुन्हा पाहावे."

नातू काही बोलला नाही. त्याने मागे वळून पाहिले. रापणकर ओले जाळे उन्हात पसरीत होते.

टेंभुर्णीस परतल्यावर कोणीतरी सांगितले, की यंदा उजनीचे पाणी पुष्कळ उतरले असून जुन्या गावांच्या भिंती उघड्या पडल्या आहेत. नातवाने लगेच पायांत चपला घातल्या व तो म्हणाला, "आजोबा, आपले गाव पाहायला चला. पाऊस पडण्यापूर्वी!"

स्वाध्याय
१. नातू आरंभी का हिरमुसला?
२. रापण कशी ओढतात, ते आपल्या शब्दांत सांगा.
३. नित्य पाहण्यातले एखादे स्थळ पुन्हा जाऊन पाहा व पूर्वी न दिसलेल्या गोष्टींचे वर्णन लिहा.