नाव घातलेला करंडा

अडीच वर्षं मी एका मुलाला मनातल्या मनात चोर ठरवून ठेवलं होतं. तो चोर नव्हता. ती वस्तू मीच दाराबाहेर टाकायला लावली होती. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात पावसाळ्यात कुणाचं ना कुणाचं काही जातंच. माझ्याकडून झालं ते दुसऱ्या कुणाकडून होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

२०२१ ची आषाढी २० जुलैला झाली आणि त्यानंतर पाऊस थांबेना. सावित्री महाबळेश्वरात उगम पावते, पोलादपूरवरून उतरते, महाडला गांधारी तिला मिळते आणि पुढे ती दासगावावरून बाणकोटच्या खाडीला जाते. घाटमाथ्यावर पडलेलं पाणी काही तासांत आमच्या उंबऱ्याशी येतं. त्या दिवसांत महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पौर्णिमा तोंडावर आलेली, खाडीला उधाण. वरचं पाणी खाडी आत घेईना. २२ तारखेला महाडच्या बाजारपेठेतलं आमचं तळमजल्याचं घर माळ्यापर्यंत भरलं. आम्ही वरच्या मजल्यावर, शेजाऱ्यांकडे. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसं दरडीखाली गेली. त्यामुळे आपल्या कपाटाचं, पेटीचं नाव काढायचीही लाज वाटायची. जीव वाचले ना, असं म्हणून आम्ही गप्प बसायचो. पण गप्प बसून दुःख संपत नाही. आमच्या घरात ते संशय होऊन राहिलं.

पाणी ओसरलं तेव्हा घरात गुडघाभर गाळ होता. वास असा की पोटात ढवळायचं. लेप्टोची भीती, प्यायला पाणी नाही, वीज नाही. बाहेर जेसीबी आणि डंपर कचरा उचलत होते. डंपर दारात उभा असेपर्यंत काय ते टाका, अशी सगळ्या गल्लीची घाई. मदतीला आलेल्या मुलांपैकी एकजण तीन दिवस आमच्याकडे राबला. गाद्या, पुस्तकं, तांदळाची पिंपं, सगळं त्याने उचललं. सासूबाईंचं पायाचं शिलाई मशीनही मीच त्याला बाहेर ठेवायला सांगितलं. लाकडी भाग फुगला होता, खण उघडत नव्हता. मुलगा म्हणालासुद्धा, "काकी, खणात काहीतरी वाजतंय." मी म्हटलं, "बॉबिनी असतील, जाऊ दे."

आठवड्याने सासूबाईंनी विचारलं, "माझ्या कुड्या कुठायत?" त्यांच्या माहेरच्या मोत्यांच्या कुड्या. कपाटाच्या लॉकरात मिळाल्या नाहीत. कपाट तर त्या मुलानेच पहार लावून उघडलं होतं. एवढ्यावर माझ्या मनाने निकाल देऊन टाकला. पोलिसांत गेलो नाही, त्याला तोंडावर काही बोललो नाही. पण गणपतीत तो भेटायला आला तेव्हा मी त्याला दारातूनच वाटेला लावलं. त्याला कळलं असणार. पुन्हा तो आला नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत विन्हेऱ्याहून सासूबाईंच्या भाचीचा फोन आला. पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका वाडीतल्या बाईंनी पुरानंतर भंगारवाल्याकडून एक मशीन घेतलं होतं. लोखंडी पाय शाबूत होते, वरचं लाकूड बदलायचं म्हणून सुताराने खण मागून फोडला. आत विटेसारखा घट्ट वाळलेला गाळ निघाला. त्यांनी तो फेकला नाही, बादलीत भिजत घातला. त्यातून बॉबिनची डबी निघाली, टेप निघाली आणि एक पितळी करंडा. करंड्याच्या बुडाला सासूबाईंचं माहेरचं नाव, त्यापुढे विन्हेरे, १९७४. बाईंची नणंद विन्हेऱ्यातच दिलेली. तिच्याकरवी दोन दिवसांत घर सापडलं. करंड्यात कुड्या होत्या. कपाटाला चोरांची भीती म्हणून सासूबाईंनीच त्या कधीतरी खणात ठेवल्या होत्या आणि विसरल्या होत्या.

मोत्यांची झळाळी पार गेली होती, सोनं जसंच्या तसं.

त्या दिवसापासून मी भेटेल त्याला सांगते, वस्तूवर नाव घाला. आपल्याकडे लग्नाच्या भांड्यांवर नाव, गाव, तारीख कोरून घ्यायची रीत होती. आता ती जुनाट वाटते. पण त्या करंड्यावर नुसतं नाव असतं तर तो बाईंच्या फडताळातच राहिला असता. तो घरी आला गावाच्या नावामुळे. फोन नंबर बदलतात, गाव बदलत नाही. पेटीत, खणात, अल्बमच्या पाठीमागे प्लॅस्टिकमध्ये चिठ्ठी ठेवा. तिच्यावर पूररेषेबाहेरच्या एका नातेवाइकाचंही नाव असू द्या.

दुसरं, पाणी ओसरल्यावर पहिल्या तीन दिवसांत काहीही बंद असलेलं टाकू नका. सडलेलं अन्न आणि गाद्या जाऊ देत. पण खण, पेटी, डबा, शिवलेली उशी उघडल्याशिवाय डंपरमध्ये घालू नका. ओट्यावर, गच्चीवर एक कोपरा धरा आणि त्या वस्तू तिथे वाळू द्या. घरातला गाळ वाळू चाळायच्या चाळणीतून काढा. हातमोजे आणि गमबूट घालूनच; जखम असेल तर गाळात उतरूच नका.

कागदांच्या बाबतीत माझी फार मोठी चूक झाली. सासऱ्यांच्या वह्या मी कडक उन्हात टाकल्या आणि लग्नाच्या अल्बमचे चिकटलेले फोटो ओढून सोडवले. चेहरे दुसऱ्या फोटोच्या पाठीवर गेले. असे फोटो कोरडे ओढायचे नसतात. स्वच्छ थंड पाण्यात भिजू द्यावेत, आपोआप सुटतील तेवढे सुटू द्यावेत आणि चेहरा वर ठेवून सावलीत वाळवावेत. कागदांमध्ये टिपकागद किंवा साधे कोरे कागद घालून ते बदलत राहावं, पंख्याचा वारा द्यावा, इस्त्री फिरवू नये. हात पुरत नसतील तर ओले गठ्ठे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वीज असलेल्या नातेवाइकाच्या फ्रीझरमध्ये ठेवावेत. बुरशी थांबते आणि पुढे सवडीने एकेक काढता येतो. आमच्या लग्नाचा एकच धड फोटो आज आहे, तो मुंबईच्या मावशींकडच्या प्रतीवरून केलेला. म्हणून प्रती वाटा. सगळं एका घरात ठेवू नका.

सरकारी कागद गेले तर धीर सोडू नका, त्यांची मूळ नोंद बहुधा दुसरीकडे असते. खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयात मिळते, सातबारा ऑनलाइन निघतो, दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत आपल्या रायगडसाठी मंडळाच्या मुंबई विभागाकडून मिळते. पोलिसांचा गहाळ दाखला आणि पंचनाम्याची प्रत आधी घ्या, बहुतेक ठिकाणी तेच मागतात. पासबुक वाहून गेलं आणि खातं कुठलं तेही आठवत नसेल, पण ते दहा वर्षं पडून असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर शोधता येतं. अशी ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण तिच्यावरचा हक्क जात नाही.

लॉकर घेतला म्हणजे निश्चिंत, असंही समजू नका. जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक झाली तर बँक वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत जबाबदार असते. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा हलगर्जीपणा नसेल, तर ती जबाबदारी येत नाही. लॉकर कुठल्या मजल्यावर आहे ते महाडसारख्या गावात आधी विचारावं आणि दागिन्यांचा विमा वेगळा काढावा.

आणि वस्तू दिसत नाही म्हणजे ती चोरीला गेली, असं लगेच म्हणू नका. आधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना, की त्यांनी काय कुठे हलवलं होतं. मी सासूबाईंना "शेवटी कधी घातल्या होत्या?" एवढंही धड विचारलं नव्हतं. काय गेलं याची यादी मी केली होती. कोणी काय बाहेर टाकलं याची केली नव्हती. ती केली असती तर मशीन पहिल्या ओळीत आलं असतं, आणि खणात काहीतरी वाजत होतं हेही.

भाचीच्या फोननंतर आम्ही त्या वाडीत गेलो. बाईंनी नव्या फळीवर बसवलेलं मशीन दाखवलं आणि घाबरत विचारलं, "परत न्यायचं का, आई?" सासूबाईंनी खुर्ची ओढली, पायटा चालवून पाहिला आणि म्हणाल्या, "तुझ्याकडेच राहू दे गं. फक्त पट्टा सैल झालाय, आवळून घे."

त्या मुलाच्या घरी मी परस्पर त्याच दिवशी गेले. तो कामाला मुंबईत होता. त्याच्या आईसमोर मी सगळं सांगितलं, तीन दिवस राबलेल्या पोराबद्दल मी काय धरून बसले होते तेही. तिने चहा ठेवला, बराच वेळ काही बोलली नाही. मग फोन लावून माझ्या हातात दिला.

"काकी, मी सांगितलं होतं ना, वाजतंय म्हणून," तो म्हणाला.