बंदुकीचा करडा मुलामा आणि पावसाळा

पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक वर्षभर खुंटीला, आणि काढावी तेव्हा तांबेरलेली, असं पुष्कळ घरी दिसतं. (परवाना बंदुकीचा असतो, रानडुकराचा नव्हे, त्याला वनखात्याची परवानगी वेगळी लागते.)

काही बंदुकांची नळी चकचकीत नसते. करडी, खरबरीत, पाटीसारखी लागते. तो फॉस्फेटचा मुलामा. कारखान्यात रस निवळायला आपण फॉस्फोरिक ॲसिड घालतो ना, त्याच्याच पातळ, गरम द्रावणात मँगनीज किंवा जस्ताचे क्षार घालून पोलाद बुडवतात. मुलामा आहे म्हणजे गंज नाही, ही समजूत मात्र खोटी. हा थर मडक्यासारखा सच्छिद्र. खरी राखण करतं ते त्यात मुरलेलं तेल. तेल सुकलं की तीच छिद्रं पाणी धरतात.

म्हणून आम्ही सांगतो, आधी बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी बघा. मग शिवणयंत्राचं तेल चिंधीवर घेऊन चोळा, रात्रभर मुरू द्या, सकाळी वरचं पुसा. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं. पावसाळ्यात दर पंधरवड्याला हे कराच. घामाचा हात लागला तरी पुसा. चामड्याच्या खोळीत ठेवू नका, ती ओल धरते.

पांढुरकेपणा बहुधा नुसता कोरडेपणा असतो, तेलाने जातो. तांबूस डागावर तेल लावून जाड कापडाने घासा. पॉलिशपेपर, चिंच, लिंबू अजिबात नको. आंबटाने मुलामाच उतरतो.

ठासणीच्या दारूची राख हवेतली ओल ओढते. तिथे नुसतं तेल कामाचं नाही. नळी गरम पाण्याने धुवा, खडखडीत वाळवा, मग तेल.