रक्तातील मेद आणि तरुणांचे मन

मित्रहो, गेल्या दिवाळीत मी गावी, आदिलाबाद जिल्ह्यातील बेला भागात, गेलो होतो. पैनगंगेकाठचा हा मुलूख १९५६ साली आंध्र प्रदेशात व २०१४ साली तेलंगणात गेला. तरी कित्येक घरांतून आजही मराठीच बोलली जाते. माझा धाकटा चुलतभाऊ पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कापूस वेचणीचे दिवस असूनही तो शेताकडे फिरकत नव्हता. रात्र रात्र जागा असे, ताटावरून अर्धपोटी उठे. काकांनी त्याचे रक्त तपासून आणले. ट्रायग्लिसराइड २१० निघाले आणि घराला हायसे वाटले. “रक्तात चरबी झाली, म्हणून पोरगा सुस्त झाला. तेल बंद करा,” असा काकांनी निकाल दिला. तो बरोबर होता काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मेद पाण्यात विरघळत नाही. म्हणून रक्तातून तो प्रथिनांबरोबर सूक्ष्म कणांच्या रूपाने वाहून नेला जातो. एल.डी.एल. कण कोलेस्टेरॉल पेशींकडे नेतात, एच.डी.एल. कण ते यकृताकडे परत आणतात. दर १०० मिलिलिटरमध्ये एकूण कोलेस्टेरॉल २०० मिलिग्रॅमच्या व ट्रायग्लिसराइड १५० मिलिग्रॅमच्या आत असावे, असे सामान्यतः मानतात.

आता मेंदू पाहा. शरीराच्या वजनात त्याचा वाटा अवघा २ टक्के. पण शरीरातील सुमारे पंचमांश कोलेस्टेरॉल त्याच्यात असते. ते मेंदू स्वतःच तयार करतो. रक्तातले कोलेस्टेरॉल आत जवळजवळ शिरतच नाही. तेव्हा रक्ताचा आकडा हा मेंदूचा आकडा नव्हे.

मग दोहोंचा संबंधच नाही काय? १९९० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. कोलेस्टेरॉल उतरविलेल्या लोकांत हृदयविकाराचे मृत्यू घटले, पण अपघात, आत्महत्या व हिंसा यांमुळे होणारे वाढलेले दिसले. मोठी खळबळ उडाली. परंतु १९९४ साली ४,४४४ रुग्णांवरील स्कँडिनेव्हियन प्रयोगात तशी वाढ आढळली नाही. शिवाय हे रुग्ण मुख्यतः मध्यमवयीन होते. त्यावरून विशीतल्या मुलांविषयी अनुमान काढणे धाडसाचे ठरेल.

उलट दिशाही संभवते. उदास माणसाची झोप, आहार, हालचाल बिघडते व त्यामुळे मेद वाढतो. काही मानसोपचाराची औषधेही तो वाढवितात. कधी तिसरेच कारण असते : थायरॉईड मंदावले तर कोलेस्टेरॉल चढते आणि मनही खचते. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण होत नाही, हा शास्त्राचा पहिला धडा होय.

हे सर्व काकांना समजावून आम्ही भावाला जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी थायरॉईडची तपासणी करविली. ती ठीक निघाली. मग त्यांनी सर्वांना बाहेर बसवून त्याच्याशी एकट्याशी बोलणे केले. दोन विषय राहिल्याचे त्याने घरी लपविले होते आणि जगावेसे वाटत नाही, असे तो प्रथमच बोलला. रक्ताच्या कागदावर हे कुठेच नव्हते! उपचार सुरू आहेत. आता तो पोटभर जेवतो. गोड कमी करून रोज चालण्याचा सल्लाही मिळाला. तो हृदयासाठी, मनाच्या उपचाराऐवजी नव्हे.

मित्रहो, रक्त अवश्य तपासावे. पण मित्राला आधी विचारावे. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.