फोलेट, शुक्राणू आणि गोळ्यांची स्ट्रिप

१. मूल राहत नसेल तर आधी नवऱ्याची वीर्यतपासणी करा. ती स्वस्त आहे, दुखत नाही, तासाभरात होते. तरीही आमच्या लॅबमध्ये नवरा पोहोचतो तोवर बायकोच्या सोनोग्राफ्या, इंजेक्शनं, कधी दुर्बिणीची तपासणीसुद्धा होऊन गेलेली असते. हा अन्याय आहे.

२. फोलेट हे जीवनसत्त्व फक्त गरोदर बाईसाठी नसतं. पेशी दुभंगताना डीएनएची नवी प्रत लागते आणि त्यातलं थायमिडिन फोलेटशिवाय बनत नाही. कोणतं जनुक चालू, कोणतं बंद, हे ठरवणाऱ्या मिथाइलच्या खुणांनाही फोलेटच रसद पुरवतं. वृषणात हे काम रात्रंदिवस चालतं. म्हणून मेथी, पालक, मूग, हरभरा पुरुषाच्याही ताटात हवेत. आणि पालेभाजी उकळून पाणी ओतून देऊ नका, फोलेट त्या पाण्याबरोबर जातं.

३. पण गोळीवर फार भिस्त ठेवू नका. २००२ साली नेदरलँड्समधल्या एका छोट्या अभ्यासात फॉलिक ॲसिड (गोळीतलं फोलेट) आणि झिंकने शुक्राणूंची संख्या वाढली, आणि जगभर या गोळ्या लिहून दिल्या जाऊ लागल्या. २०२० मध्ये अमेरिकेतल्या २,३७० जोडप्यांवरच्या चाचणीचा निकाल आला. पुरुषांना सहा महिने रोज ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड आणि ३० मिलिग्रॅम झिंक दिलं होतं. बाळं झाली गोळीवाल्यांत ३४ टक्के जोडप्यांना, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ३५ टक्के. शुक्राणूंच्या डीएनएची मोडतोड तर गोळीवाल्यांत किंचित जास्तच निघाली.

४. शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्या. ते कमी असेल तर फोलेटचं चक्र अडतं. वरून नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं, तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांची हानी मात्र आत चालूच राहते.

५. चालू औषधं सांगा. एका तरुणाच्या स्लाइडवर शुक्राणू शोधावे लागत होते, जे होते तेही जागच्या जागी वळवळणारे. खिशातून त्याने स्ट्रिप काढली: आतड्याच्या सुजेसाठीचं सल्फासॅलाझिन. त्याने शुक्राणू घटतात, आणि ते फोलेटचं शोषणही घटवतं. त्याच्या डॉक्टरांनी औषध बदलून दिलं. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणून पुढची तपासणी तीन महिन्यांनी केली. तेव्हा स्लाइड गजबजलेली होती. अशी औषधं स्वतःहून मात्र थांबवू नका. स्ट्रिप घेऊन डॉक्टरांकडे जा.