आधी फेरीबोट, मग वरंध घाट

दिवाळी जवळ आली की भोर-वेल्ह्याकडे कोकणात जायचे बेत ठरू लागतात. वरंध घाट उतरला की महाड, पुढे गोरेगाव-म्हसळ्यावरून श्रीवर्धन-हरिहरेश्वर, मग दिवेआगर, दिघी, आणि खाडी ओलांडली की मुरूड-जंजिरा. आपण घाटावरची माणसं. रस्ता कितीही वळणाचा असला तरी आज ना उद्या पोचू, हा आपला हिशेब. पाण्यापाशी तो चालत नाही. निघायची वेळ शेवटच्या फेरीबोटीपासून उलटी मोजत यावी, असं मी आता जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

भाऊबीजेनंतर आम्ही घरची सगळी, थकलेल्या आत्यासह निघालो होतो. गाडी ठरवून देणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, की दिघीहून आगरदांड्याला बोट सारखी सुटतच असते. सुटत होतीही. पण सुट्टीचा दिवस, धक्क्याच्या रस्त्यावर गाड्यांची लांब रांग, आणि एका खेपेत मावतील तेवढ्याच गाड्या जाणार. आमचा नंबर लागण्याआधी त्या दिवसाची शेवटची खेप गेली. पलीकडचे दिवे समोर दिसत होते आणि मुरूडची खोली घेतलेली होती. राजपुरीच्या खाडीला वळसा घालून अंधारातून डोंगररस्त्याने जाण्यावाचून इलाज उरला नाही. आत्याला मधुमेह. जेवणाची वेळ टळली, तसे तिचे हात थरथरायला लागले, अंगाला दरदरून घाम सुटला. मुलांच्या खाऊतली साखर तोंडात घातल्यावर ती सावरली. त्या अर्ध्या तासात जी भीती वाटली, ती कुणाच्या वाट्याला येऊ नये.

म्हणून खाडी सकाळीच ओलांडा. आदल्या संध्याकाळी धक्क्यावर फोन करून नुसती वेळ विचारू नका, 'उद्या गर्दी किती असेल' हेही विचारा. वेळापत्रक रोजच्या दिवसासाठी असतं, रांग सणाची असते. वेळास-केळशीकडे जाणाऱ्यांनी बागमांडला-वेश्वीच्या फेरीबोटीलाही हेच लागू धरावं. म्हाताऱ्या माणसांचं जेवण आणि औषधं डिकीत नकोत, हाताशी हवीत.

या बोटींना तिकडे जंगलजेटी म्हणतात. भरतीत गाडी तिच्यावर सहज चढते. ओहोटीत पाणी खाली गेलं की धक्क्याचा उतार उघडा पडतो, त्यावर शेवाळ असतं, आणि बुटक्या गाडीचं पोट घासतं. बायकामुलांना आधी उतरवावं, बोटीवर हातब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी. राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्यांचं आणखी वेगळं. किल्ल्याच्या दाराशी होडी लाटेवर वरखाली होत असताना ओल्या पायरीवर पाय टाकायचा असतो. गुडघे दुखणाऱ्यांनी किनाऱ्यावरूनच किल्ला पाहिला तर त्यात कमीपणा काही नाही. आत्याला आम्ही उतरू दिलं नाही.

पावसाळ्यात तर हा बेतच करू नये. वरंध घाटात दरडी कोसळतात आणि प्रशासन रस्ता बंद ठेवतं. जंजिऱ्याच्या होड्या थांबतात. मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँचही पावसाळाभर बंद असतात. मांडवा ते भाऊचा धक्का ही मोठी रो-रो बोट मार्च 2020 मध्ये सुरू झाली. ती पावसाळ्यातही चालते, पण हवामान बिघडलं की तिचीही फेरी रद्द होते. परतीचा प्रवास तिच्या भरवशावर बांधलेला असेल, तर मुंबईला रस्त्याने जायची तयारी ठेवावी.

लाइफ जॅकेट मागून घ्यावं, मुलांच्या मापाचं आहे का तेही बघावं. ते नसेल आणि बोट खच्चून भरलेली असेल, तर ती सोडावी. पैसे गेले तरी चालतील. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. पलीकडचा किनारा काही फार लांब नव्हता.

आणि समुद्राचं घड्याळ कॅलेंडरवर असतं, ते वाचायला शिका. पूर्वी वेल्ह्याच्या बाजूने मढे घाट उतरून माणसं महाडला जात आणि गलबतं भरतीबरोबर सावित्रीतून वर महाडपर्यंत येत. तेव्हा घाटावरच्या व्यापाऱ्यालाही तिथी पाहावी लागत असणार. कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते, आणि तिथून सुमारे सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जितकं चढतं तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या भरतीत फरक कमी. हा अंदाज आहे, नेमकी वेळ धक्क्यावर विचारायचीच.

भाऊबीज म्हणजे द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडच्या सुमारास भरती, साडेसातच्या सुमारास ओहोटी, आणि अमावास्या नुकतीच झालेली, म्हणजे उधाण ओसरलेलं नसणार. त्या दिवशी दिघीला पोचणार असाल तर गाडी दुपारच्या जेवणाआधी बोटीवर चढवा आणि जेवण आगरदांड्याला करा.